हो किंवा नाही

जर्मिस्टनच्या गोदामातून बाळांच्या दुधाचे
एकवीस खोके गेले, म्हणून मंगळवारी
पॅकिंगच्या सगळ्या बायका रांगेने बसल्या
एरवी झाडू-बादल्या ठेवतात त्या खोलीबाहेर.

मी दुभाषी. तासाचे पैसे मिळतात.
इंग्रजीतून सेसोथोत, सेसोथोतून इंग्रजीत,
मधल्या मध्ये काही सांडू द्यायचं नाही, एवढंच काम.

आधी कागद : 'मी ही चाचणी स्वखुशीने देत आहे.'
मात्शेदिसोने विचारलं, नाही दिली तर?
मी विचारलं. यान्सी रेन्सबर्ग म्हणाला,
"तर तेही लिहून ठेवू."
'स्वखुशी' मला तीनदा सांगावी लागली.
तिसऱ्यांदा मी नुसतंच म्हटलं : इथे.
तिने सही केली.

छातीभोवती नळ्या, दंडाला पट्टा,
बोटांना टोप्या. अंगठी निघेना,
साबण आणावा लागला.

तुझं नाव मात्शेदिसो आहे का? हो.
आज मंगळवार आहे का? हो.
ते खोके तू घेतलेस का? नाही.
आणि मग, चहा घेणार का विचारावं तसं :
आयुष्यात कधी दुसऱ्याचं काही
न विचारता घेतलं आहेस का?

हा प्रश्न मला पाठ आहे.
चाळीसेक बायकांच्या कानात मी तो ओतला आहे.
तो चोरासाठी नसतोच.
त्याला हवं असतं भल्या माणसाचं चिमूटभर खोटं,
'छे, कधीच नाही', आणि त्यापाठोपाठची धडधड.
ही धडधड खोक्यांच्या धडधडीहून मोठी भरली
की माणूस सुटला.
जो सरळ सांगून मोकळा होतो
त्याची रेघ इथे सपाट राहते,
आणि सपाट रेघेशेजारी
नोकरी जाण्याची साधी भीतीसुद्धा
डोंगराएवढी दिसते.

मात्शेदिसो आठवू लागली.
फिक्सबर्गकडचं शेत, मालकिणीचं स्वयंपाकघर,
वरच्या फळीवर आटवलेल्या दुधाचा डबा,
ती नऊ वर्षांची, खिळ्याने पाडलेली दोन भोकं,
एक प्यायला, एक हवेला…
"फक्त हो किंवा नाही," रेन्सबर्ग म्हणाला.

मी तिला आमच्या भाषेत म्हटलं : नाही म्हण.
त्याला वाटलं, मी प्रश्नच पुन्हा सांगतेय.

तिने माझ्याकडे पाहिलं.
पडद्यावरची रेघ उठली
आणि उठतच राहिली.
"नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी यादी लागली.
मात्शेदिसो : खरी.
केलेबोखिले, जी प्रत्येक प्रश्नाला हसत होती
आणि हृदयाच्या गोळ्या घेते : संशयास्पद.
व्यवस्थापकाचं नाव यादीत नव्हतं,
गोदामाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते.
माझंही नव्हतं.
माझ्या बोटांना टोप्या नव्हत्या.

टॅक्सीच्या थांब्यावर ती माझ्यामागे उभी होती.
मला वाटलं, आभार मानेल. खोटं कशाला बोलू,
मी त्यासाठीच जरा हळू चालले होते.

"डबा मीच घेतला होता," ती म्हणाली.
"मार पुसेलेत्सोने खाल्ला. माझी धाकटी बहीण.
ती गेली, तरी मी तिला सांगितलं नाही.
इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं.
आज विचारलं, तेही
लिहून घेणाऱ्या माणसाने.
हो माझ्या जिभेवर आलं होतं."

टॅक्सी आली. मागची अख्खी रांग रिकामी होती.
ती पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसली,
अंगठी अजून मुठीतच होती,
सुट्टे पैसे मोजताना तिने ती
दातांत धरली.