गॅस संपला

सव्वासहाला चहाचं पाणी नुसतं कोमट झालं होतं,
ज्योत एकदा उंच उडाली, मग बसलीच.
सिलिंडर आडवा केला, गडगडवला,
आई करायची तसं. काही नाही.
गॅसवाला पोरगा फोनवर म्हणाला, उद्या येईल मावशी,
दुपारपर्यंत.
मी एकटी. पर्स घेतली, चप्पल घातली.

वखारभागात हळदीच्या गाड्या उतरत होत्या.
सांगलीचा चहा पिवळा असतो असं माझी कोल्हापूरची मावसबहीण म्हणते,
खोटं आहे. बशी पिवळी असते,
आणि बशी धरणारा अंगठा.
इराप्पा हमालानं बाकावरचा दाभण उचलून टोपीत खोचला.
"बसा बाई."
दोन खारी. दुसरी बशीतच मोडली,
तीही बोटानं काढून खाल्ली, कुणी बघत नव्हतं.
इराप्पा बघत होता. त्याचीही मोडली होती.

एकोणीस वर्षं अडत्याकडे जमाखर्च लिहिते,
डबा कधी विसरले नाही.
आज एक वाजता टेबलावर नुसतंच टेबल.
दस्तगीरनं भाकरी पुढं केली, वर खरडा,
चतकोर घेतली आणि बाहेर पडले,
कारण सकाळपासून नाकात लोणी होतं.

स्टेशन रोडला दावणगिरीकडचा एकजण लोणी डोसा घालतो.
पोऱ्यानं फडकं दोनदा फिरवलं.
"फॅमिली वर आहे, मॅडम."
म्हटलं, फॅमिली हीच. सगळी. या एका खुर्चीत मावते.
तो हसला नाही, पाणी आणलं.
डोसा आला, जाड, जाळी पडलेला,
वरचा लोण्याचा गोळा घसरत घसरत कडेला निघालेला.
त्याला वाटेत अडवावं लागतं,
तेवढ्या वेळात दुसरं काही सुचत नाही.
पांढरी चटणी तीनदा मागितली.
तिसऱ्यांदा त्यानं भांडंच ठेवलं.

अकरा वर्षं आईला मऊ भात.
चार शिट्ट्या, मीठ बेतानं, तुपाचा थेंब.
ती गेल्यावरही वर्षभर
मी दोघींचे तांदूळ धूत होते.
ती म्हणायची, रस्त्यानं तोंड हलवत जाणारी बाई म्हणजे...
पुढचं तिनं कधी सांगितलं नाही.

चारला पेढीवर तासगावच्या बेदाण्याचा नमुना आला.
मालक येईपर्यंत
नमुना राहिला नाही.

तवनाप्पाच्या गाडीवर संध्याकाळी भडंग.
तो घमेलं असं हलवतो की चुरमुरे वर जातात
आणि शेंगदाणे खालीच थांबतात, शहाण्यासारखे.
"लसूण जास्त घालू का?"
घाल. आज कुणाशी जवळून बोलायचं नाही.
पुडा घेऊन आयर्विन पुलावर गेले, चालत,
तोंड हलवत.
कठड्याशी माणसं नदीत मगर शोधत होती.
ती बघा, ती बघा! ओंडका होता.
सगळे ओंडक्याकडेच बघत राहिले, माझ्याकडे कोण बघणार.
एका पोरानं हात पुढं केला, त्याला मूठभर दिले,
त्यानं वर विचारलं, तिखट नाही का आणखी?

फोन वाजला. "मावशी, आजच आला सिलिंडर, जिन्यात ठेवू?"
ठेव, म्हटलं. आणि का कोण जाणे, उतरून
उसाच्या गुऱ्हाळावर एक मोठा ग्लास घेतला, बिनबर्फाचा.

घरी आले तर जिन्याच्या वळणावर लाल, धुळीचा,
पाहुण्यासारखा उभा.
सील न तोडता ओढून दारामागं ठेवला.
समोरच्या आक्काताई बाहेर आल्या.
"जेवण झालं का गं?"
झालं.
"काय केलं होतंस?"
काहीच केलं नाही, म्हटलं.

हात दोनदा धुतले. लसूण जात नाही.