पाच मार्कांचा पूर

बिंदू चौकाच्या अलीकडं जमीरदादाचं झेरॉक्सचं दुकान.
पर्यावरणाच्या नोट्स वीस रुपयाला,
टाचणी फुकट, सल्ला फुकट:
‘पेपर कोरा ठेवायचा नाही, बघ.
काय सुचलंच नाही तर शेवटी जनजागृती लिहायचं.
प्रदूषण हवेचं असू दे, पाण्याचं असू दे, डॉल्बीचं असू दे,
जनजागृती कुठंबी चालती.’

मी ते मागच्या पानावर लिहून घेतलं.

मगदूम सरांचं वेगळं.
आधी सगळा पेपर वाचा, मग पेन उघडा.
येतंय ते पहिल्यांदा, अडतंय त्याला चांदणी करून पुढं चला.
पाच मार्काला बारा मिनिटं, तेरावं मिनिट दुसऱ्या प्रश्नाचं.
आकृती पेन्सिलीनं. अन्नसाखळीतला बाण
खाणाऱ्याकडं जातो; उलटा काढला की मार्क गेला.
गवत, टोळ, बेडूक, साप, ससाणा.
ससाणा मी बघितलेला नाही.
साप बघितलाय, आमच्या वळचणीला, त्या ऑगस्टात.
तोही आमच्यासारखाच वर चढत होता.

सुकन्या हुजरे रंकाळ्याच्या कठड्यावर बसून पाठ करायची.
‘सुपोषण म्हणजे काय, उदाहरणासह.’
मी म्हटलं, तळ्याला झालेलं अपचन.
‘असं लिहिलं तर शून्य मिळंल,’ म्हणाली
आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू.
समोर हिरवंगार केंदाळ, वास,
भेळेचे कागद काठाला लागलेले,
आणि ती डोळे घट्ट मिटून
उदाहरण आठवत होती.

अकरा वाजता घंटा झाली.
सगळा पेपर वाचला. ओझोन येतंय. जैवविविधता येतंय.
कायद्यांची सालं अडतायत, चांदणी.
मग प्रश्न चार, ब:
पुराची कारणे सांगून उपाययोजना स्पष्ट करा. पाच गुण.

हा येतंय त्यात धरायचा
की अडतंय त्यात?

आमच्या चिखलीत पोरांना पाढे येत नसतील,
पण बंधाऱ्याची पातळी येते.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका.
पुढचे आकडे कोण पाठ करत नाही,
तेव्हा माणसं सामान माळ्यावर चढवत असतात.
पप्पांनी अंधारात म्हशींची दावी कापली, विळ्यानं.
ओल्या गाठी सुटत नव्हत्या.
‘पोहतील त्या,’ म्हणाले, कुणाला म्हणाले कळलं नाही.
चौघी सोनतळीच्या अंगाला सापडल्या, तिसऱ्या दिवशी.
कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदरी, ती नाही.

घड्याळ बाकावर होतं. पाच मिनिटं गेलेली,
कागदावर फक्त ‘उत्तर’, आणि त्याच्या खाली रेघ.

मग सर सांगतात तसंच केलं.
कारणे: अतिवृष्टी. धरणांतून विसर्ग.
पूररेषेच्या आत बांधकाम. नाल्यांत भराव.
नदीपात्रात गाळ, त्याला अधोरेखित.
उपाय: पूर्वसूचना. वृक्षलागवड.
बांधकामांवर निर्बंध. स्थलांतराचे नियोजन.
आणि जनजागृती.
अकरा मिनिटं झाली होती, एक शिल्लक.
त्या एका मिनिटात, सहावा मुद्दा,
कुठल्याच नोट्समध्ये नसलेला:
जनावर बांधताना गाठ अशी मारावी
की अंधारात, ओल्या हातानं,
एका ओढीत सुटेल.

मग ओझोन लिहिला. सोपा होता.

जमीरदादानं विचारलं, ‘काय गं, जनजागृती लिहिलीस न्हवं?’
लिहिली, म्हटलं.
अर्थशास्त्राच्या नोट्स घेतल्या, परत वीस रुपये.
आपले पेपर तपासायला कुठं जातात ओ, मी विचारलं.
तो कागदाची थप्पी ठोकून सारखी करत होता.
‘काय की. सांगलीला जात असतील.’

सांगलीचे असतील तर कळंल.