पडंग

तलाठी रजेवर, म्हणून एक-चौदाचा उतारा माझ्या टेबलावर.
चोडण, पोटविभाग सहा, पिकाचा रकाना कोरा.
मी लिहिलं : पडीक.

समोर पिएदाद, मांडीवर काळी छत्री,
दीडच्या फेरीबोटीकडे अर्धा कान.
‘पडंग बरय रे पुता. पडीक म्हळ्यार
कोणेंय धुकलून उडयिल्लें कशें दिसता.’
तिच्या बोलीत फेकणं म्हणजे उडवणंच.

तिच्या सासऱ्याच्या कागदावर जुन्या कारकुनाने लिहिलंय :
इंकुल्तु.
कोशात पाहिलं. न कसलेली जमीन.
त्याखाली दुसरा अर्थ, अडाणी माणूस.
अक्षर मात्र सुरेख. शाई अजून निळी.

पण शेत पडतं कुठून?
ते तर आधीच जमिनीवर असतं.

ती सांगत गेली, मी टाचणी शोधत ऐकत गेलो.
एक वर्ष कोरगुटाला भाव नाही.
एक वर्ष आंतोन बोटीवर गेला.
मग मानशीची पावणी कोळंबीच्या भावात चढली,
आणि ज्याची बोली लागली त्याने
भरतीला मिटायची दारं उघडीच बांधून ठेवली.
(मी सत्तरीचा, डोंगराकडचा.
शाळेत मला मानस म्हणजे मन शिकवलेलं;
इथे ते बांधातलं लाकडी दार.)
खारं पाणी आत आलं
आणि परत जायचं विसरलं.

मराठीत कितीतरी पडतं आणि कोणी हळहळत नाही :
ऊन पडतं, चांदणं पडतं, प्रश्न पडतो.
स्वप्नाला तर पडण्यावाचून दुसरं क्रियापदच नाही.
सगळं एका जुन्या पत् धातूतून उतरलेलं.
पतंग त्यातलाच,
पिसाला म्हणायचे ते पत्रही.
पत् : पडणे.
पत् : उडणे.
दोन्ही अर्थ एकाच फांदीवर बसायचे,
आमच्याकडे येता येता एक उठून गेला.

हे तिला सांगितलं नाही.
तिला उतारा हवा होता अर्जाला जोडायला,
ती दारं पुन्हा मिटावीत म्हणून. तिसरा अर्ज.

रकान्यात पडीकच ठेवलं, सरकारला तेवढंच वाचता येतं.
कडेला पेन्सिलीने, खोडता येईल इतपत फिकं : पडंग.
शिक्का मारला. भोंगा झाला.
ती धक्क्याकडे पळाली.

छत्री बाकावर पडून आहे.