कोळशाची वडी

याकूबचाचा चौगुले जहाजावर आगवाला होता.
सत्तावीस वर्षं बॉयलरपुढे उभं राहून
त्याने सगळे समुद्र ओलांडले,
पाहिले मात्र फार थोडे.

दाभोळच्या जेटीवर मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
डिझेलचा माणूस.
तो यायचा, पान्यांच्या पेटीवर बसायचा,
म्हणायचा, तुझ्या इंजिनाला धाप लागत नाही,
धाप लागत नाही त्याला जीव कसा म्हणायचा?

मग ती गाडी निघायची.

पूर्व जर्मनीतलं बंदर, जहाज खोळंबलेलं,
कधी बर्फामुळे, कधी क्रेन मोडल्यामुळे,
कारण दर वेळी वेगळं.
रूळ तेच: मधलं अंतर दोन हात,
माझ्या फरशीवर तो खडूनं आखून दाखवायचा.
भर बाजारातून जायची म्हणे,
पाववाल्याच्या दाराला घासून,
घंटा वाजवत, बैलगाडीच्या चालीनं,
बायका पिशव्या सावरत भिंतीला चिकटायच्या.

इंजिनवाल्याला याची भाषा येईना, याला त्याची.
याने तळवे दाखवले.
घट्टे कुणालाही वाचता येतात.
त्याने फावडं पुढे केलं.

चार स्टेशनं याने आग राखली,
थर पातळ, कोपऱ्यांत जरा जास्त,
दर फावड्याला दार उघड, दार बंद.
शेवटच्या स्टेशनापुढे समुद्र होता.
होता आपला नावाला, चाचा म्हणायचा,
वास नाही, मीठ कमी.
उतरताना त्या माणसाने हातावर ठेवली
तपकिरी कोळशाची एक वडी,
विटेहून लहान, साबणाहून मोठी,
वर कंपनीचा ठसा.

जुलेखाचाचीने ती पहिल्याच आठवड्यात
न्हाणीत नेऊन ठेवली, फॉरेनचा साबण म्हणून.
जावयाने हात धुतले.
तो अजून तो विषय काढू देत नाही.
पुढे चाळीस वर्षं वडी कपाटात,
पासपोर्टच्या शेजारी.

वादळ झालं त्या वर्षी
सुपारीच्या बागा आडव्या, पत्रे खाडीत,
नऊ दिवस वीज नाही, सिलेंडर संपलेला,
लाकडं पिळली तर पाणी गळेल.
चाचीने कुणाला विचारलं नाही.

मी त्यांच्या छपरावर ताडपत्री बांधत होतो.
खालून धूर आला, कडवट, गंधकाचा,
आमच्या कुठल्याच लाकडाचा नव्हे.
वाटलं, झालं, आता भांडण.
घाईघाईनं उतरलो.

चाचा चुलीपुढे उकिडवा.
म्हणाला, दार लोटून घे, वारा जास्त होतोय.
आणि आधण येईपर्यंत
त्याचा उजवा हात मागे जात होता, पुढे येत होता,
रिकामा.
पदर सावरून चाची भिंतीला लागून उभी,
मीही सरकलो जरा.

चहाला धुराची चव लागली होती.
साखर नव्हतीच.
दोन कप प्यालो.