हलवू नका

विष्णुपुरीच्या विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर
मी बाटल्या धुतो. सव्वीस वर्षं झाली.
तहसीन मॅडम कंधारच्या. तीन वर्षं झाली,
त्या एकाच बाटलीत तिघांना सोडतात :
थोरले कण, धाकटे कण, आणि काडीसारखे लांबट.
डोळ्यांना दिसतं ते फक्त पाणी घातलेलं दूध.
"तीन जातींचे," मी म्हणालो, तर हसल्या.
"प्रकार म्हणा, अंबादासराव."

एकदा विचारलं, काय करायल्यात नेमकं?
"काहीच नाही. करायचं त्यांनी आहे.
चिमट्यात धरून रचता येतील एवढे मोठे नाहीत ते.
आपण पाणी किती गरम, मीठ किती,
कुणाच्या अंगाला किती डिंक, एवढं ठरवायचं.
जागा त्यांनी शोधायची."

पण ते शोधतच नव्हते.
पाणी निवलं की समोर येईल त्याला मिठी,
आणि तळाशी गोळा. पांढरा, मुका,
पिठल्यात गुठळी राहावी तसा.
वहीत तारीख, तारखेपुढं फुली.
फुल्यांच्या दोन वह्या भरल्या.

मग एका दुपारी त्यांनी डिंकच कमी केला.
निम्म्याहून कमी.
चिकटणार कसे मग?
"चिकटून सुटता आलं पाहिजे," म्हणाल्या,
"चुकीच्या शेजाऱ्यापाशी जन्म काढायला लागू नये."
मला माझी धाकटी आठवली,
उमरीला दिलेली, नि परत आलेली.
काही बोललो नाही. बाटल्या धुतल्या.

डिसेंबरात डीपी जळाली, रात्री अकराला.
यंत्राचा आकडा विझला. आत साठ अंशांचं पाणी,
तासाला एकच अंश निववायचं होतं म्हणे,
आणि बाहेर बोटं आखडणारी थंडी.
मॅडम फोनवर फोन लावायल्या होत्या.
मी चौकीदाराची घोंगडी आणली,
दोन वेढे दिले, वरून पोतं टाकलं.
विरजण लावल्यावर आई असंच करायची,
भांडं गुंडाळून, परात पालथी घालून
घरभर सांगत फिरायची.
मॅडमनी कागदावर लिहून चिकटवलं : हलवू नका.

सकाळी बाटली उन्हात धरली.
दूध नव्हतं आता.
तिरकी केली तर हिरवं,
अजून तिरकी, तर पारव्याच्या मानेसारखं जांभळं.
"रंग कुणी घातला?"
"कुणीच नाही. ते रांगेत बसले, म्हणून दिसतोय."
आणि त्या स्वतः खाली बसल्या, फरशीवरच.

नंतर चारदा तसंच केलं. घोंगडी तीच.
दोनदा जमलं, दोनदा गोळा.
पेपरात घोंगडीला
'उष्णतारोधक आवरण' म्हटलंय.

मोठ्या सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला मला.
थोरल्यांच्या ओळी, त्यांच्या खोबणीत धाकटे,
काड्या सगळ्या एका तोंडानं.
एके ठिकाणी मात्र काहीच नाही.
"इथला कुठं गेला?"
"कुठंच नाही गेला. एखादी जागा रिकामी असली
की बाकीच्यांना सरकता येतं."
मी तिथंच बघत राहिलो, बराच वेळ.
मग त्या म्हणाल्या, आजच्या बाटल्या
नुसत्या पाण्यानं नका धुऊ,
आधी स्पिरिट घाला.