दुसऱ्या गटातला हंगाम

आमच्या खाली कुठलाच गट नाही,
त्यामुळं घसरायची धास्ती नाही. एवढं एक सुख.
आठ संघ, चौदा सामने, रविवारी चार वाजता,
आणि वही माझ्याकडं.

पूर्णा जंक्शनच्या मागं, जुन्या क्वार्टरांच्या अंगाला
मैदान म्हणजे काळी माती, उन्हानं तडकलेली.
भेगेत कधी चेंडू अडतो, कधी पाय.
चुना संपला की मुंजाजीच्या हॉटेलातली राख आणून
रेघा मारतो.
वारा सुटला की पेनल्टीची हद्द
हळूहळू गंगाखेडाकडं सरकते.

गोलात मोईन वेल्डर.
मोजे दुकानातलेच, कातडी, ठिणग्यांनी भोकं पडलेले.
म्हणतो, चेंडू गरम नसतो, हेच लई झालं.
मागं सुगत खिल्लारे, तलाठ्याच्या परीक्षेला चौथ्यांदा बसलेला;
त्याला कुणी चकवून गेलं तर राग येत नाही,
अर्ध्या मार्कानं हुकायची सवय आहे त्याला.
आणि डावीकडं भारत पांचाळ.
त्याच्याबद्दल काय सांगू,
डावीकडं भारत होता.

सोळाशे मीटर त्यानं आमच्याच मैदानावर घोटले
आणि डिसेंबरात पोलिसात लागला.
पेढे आले. सगळ्यांनी खाल्ले.
मोईननं दोन खाल्ले आणि म्हणाला,
अब लेफ्ट में कौन, मियां?

वसमत, शून्य–तीन.
जिंतूर, एक–चार.
मानवतला एक जीप पंक्चर होऊन मागं राहिली,
सातच पोचलो, सातांवर खेळलो, शून्य–सहा;
पण येताना एका आखाड्यावर हुरडा खाल्ला.
वहीत त्याला रकाना नाही.
समासात लिहिलं.

सेलूशी एक–एक.
आमचा गोल त्यांच्याच पोरानं केला, डोक्यानं, आपल्याच जाळ्यात.
नियमानं नाव लिहावं लागतं.
मी नाव लिहिलं, आडनाव गाळलं.
गाव लहान असतं, पोराला तिथंच राहायचंय.

रेफरी दुधाटे सर, शाळेत चित्रकला शिकवतात.
यार्डात इंजिनानं शिट्टी दिली
की दोन्ही संघ जागच्या जागी थांबतात;
सर हात हलवतात:
माझी नव्हे, खेळा.

शेवटचा सामना गंगाखेडशी.
ते पहिले, आम्ही आठवे.
कसं झालं ते मला अजून सांगता येत नाही,
वहीत बघून सांगतो:
एकसष्टाव्या मिनिटाला आम्ही दोन, ते एक.

पुढं असणं माहीत नव्हतं आम्हाला.
सुगत घाबरला. साधा चेंडू, साधा पाय,
आणि मारला असा उंच
की भिंतीवरून, बाभळीवरून
अकोल्याच्या अंगाला निघालेल्या मालगाडीत.
उघड्या वाघिणीत धप्प वाजलं,
नीट ऐकू आलं सगळ्यांना.

मालगाडीच्या डब्याला आपल्यात वाघीण का म्हणतात
ते त्या दिवशी कळलं.
नेलेलं परत देत नाही ती.

दुसरा चेंडू गुरुवारी काट्यानं बसलेला.
गंगाखेडवाल्यांनी आणलाच नव्हता;
हरायचं म्हणून कोण चेंडू आणतं?
त्यांचा कप्तान आधी चिडला, मग हसला,
मग बाविसच्या बावीस जण भिंतीवर बसून
शेवटचा डबा दिसेनासा होईस्तोवर बघत राहिलो.
अंधार पडला. सरांनी शिट्टी खिशात घातली.

जिल्ह्याच्या कमिटीनं कळवलं, सामना पुन्हा घ्यावा.
एक तारीख पेपरांत गेली, एक लग्नात,
एक त्रेचाळीस डिग्रीत.
मग कुणी विचारलं नाही.

नऊ गुण, आठवा नंबर.
तो धरला तर बारा, आणि सातवा.
मी धरलेला नाही. खोडलेलाही नाही.
आम्ही २, ते १, मिनिट एकोणसत्तर,
खालची रेघ मारायची ठेवलीय.

रविवारी ट्रेनिंगमधून भारतचा फोन येतो,
मागं कवायतीचे बूट वाजत असतात.
विचारतो, त्या मॅचचं काय झालं शेवटी?
मी म्हणतो, चालू आहे.