दोन बोटं माया

अर्नेटा आली ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी,
पीचच्या रंगाचा ड्रेस हातावर टाकून.
"आत घ्या, मिस व्हर्डेल," म्हणाली, "सगळीकडून."
माझ्या तोंडात टाचण्या. मी नुसती भुवई उचलली.

अठ्ठावीस पौंड.
चर्चमध्ये एकीनंही कौतुक केलं नाही म्हणे.
पायरीवरच मनगट धरून विचारलं,
"काय झालंय गं? डॉक्टर काय म्हणाले?
नवरा नीट वागतोय ना?"
आमच्यात वजन उतरतं ते दुखण्यानं, नाही तर दुःखानं.
आपणहून उतरवतं का कुणी?

ही माझी वही, एकोणीसशे सत्त्याऐंशीपासूनची.
मेकनमधल्या अर्ध्याअधिक काळ्या बायका हिच्यात आहेत :
छाती, कंबर, दंडाचा घेर.
नवऱ्यांना ठाऊक नसलेले आकडे मला पाठ.
काहींचा शेवटचा ड्रेसही मीच शिवला,
पाठीमागून उघडा,
तेव्हा कुणी म्हणालं नाही, जरा बारीक दिसू दे.

माझी आई गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभ्यानं जेवायची.
रविवारी मात्र आमच्या टेबलाशी बसायची ऐसपैस,
खुर्ची करकरायची,
तो आवाज तिला आवडायचा.
"खात्यापित्या घरची दिस," मला म्हणायची,
"हाडं दिसली की लोकांना वाटतं, हिला कुणी नाही."

आणि क्लिनिकच्या भिंतीवर तो तक्ता.
उंची इथे, वजन तिथे,
तुम्ही लाल चौकोनात.
नर्स कोवळी पोर, नजर तक्त्यावरच.
मी विचारलं, हा कुणाच्या अंगावरून बेतला?
तिला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.
बेतणं माझा धंदा आहे, पोरी.
एकीच्या मापानं दुसरीचं कापड कापलं
तर काय होतं, ते मला विचार.

पण लुवेनियाचंही सांगायला हवं.
माझी धाकटी बहीण. भरलेली, देखणी,
चालू लागली की फुटपाथ बाजूला सरायचा.
तिला साखर होती.
आम्ही साखरच म्हणायचो, जणू कुणी पाहुणी येऊन राहिली होती.
पाहुणीनं आधी अंगठा नेला, मग पाऊल,
मग गुडघ्यापर्यंत.
तिच्या शेवटच्या स्कर्टचा घेर मी दोन्हीकडे सारखाच ठेवला.
तिनं पाहिलं. बोलली नाही.
तेव्हापासून तक्त्याला मी हसते,
पण पुरतं हसत नाही.

माझी ट्रेनीस पहाटे शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारते,
डोक्याला साटीनचा रुमाल गच्च बांधून.
पासष्ट डॉलर मोजून सरळ केलेले केस
घामानं तासाभरात मूळपदावर.
"आई, काळीज वाचवू की केस?"
मी म्हटलं, रुमाल आणखी आवळ.

तर अर्नेटा.
आरशापुढे वळली. पोटावरून हात फिरवला,
नव्या घराच्या भिंतीवरून फिरवावा तसा.
मग हात मागे गेला, खाली,
आणि थांबला.
"हे नको होतं जायला," हळूच म्हणाली.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की टाचण्यांची डबी सांडली.

"उरलेलं कापून टाका.
परत नाही मी तिथं जायची."
नाही कापलं.
शिवणीच्या आत दोन बोटं माया ठेवली,
बाहेरून दिसत नाही.
परत जाण्यासाठी नाही गं, म्हटलं.
अंग आहे. श्वास घेतं.

ती गेल्यावर दारावरची पाटी उलटी केली.
वहीत माझं पान नाही,
आज कळलं असं नाही, पण आज खुपलं.
टेप कमरेखाली गुंडाळली. साठ इंची टेप,
टोकाला टोक भेटेना.
मधल्या जागेवर बोटं ठेवून पाहिली :
दोन. फार तर अडीच.

आकडा लिहिला नाही.
ट्रेनीसला फोन लावला,
सकाळी किती वाजता निघतेस,
आणि तुझ्याकडे जादा रुमाल आहे का.